नाव पुसलं, चाल तशीच राहिली (बुडालेलं गाव, व्हीआर आणि लोकांचा डेटा)

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, लांबलाय, सांभाळून घ्या.

मी एका संशोधन प्रकल्पात असिस्टंट आहे. संस्था, गाव, धरण, कशाचंच नाव देत नाहीये आणि का ते पुढे कळेलच. धरणात गेलेलं एक गाव आम्ही व्हीआरमध्ये (व्हर्च्युअल रिॲलिटी, डोळ्यांवर हेडसेट चढवला की आपण तिथेच उभे आहोत असं वाटतं) परत उभं केलंय. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांची जोती उघडी पडतात, त्यांचे ड्रोनने फोटो घेतले, लोकांकडचे लग्नातले, बारशातले जुने फोटो गोळा केले, आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून पार, घाट, देऊळ, वाडे असं एकेक बसवत गेलो. मग पुनर्वसन वसाहतीतल्या समाजमंदिरात हेडसेट घेऊन गेलो आणि ज्यांचं लहानपण त्या गावात गेलं त्यांना पंधरा-पंधरा मिनिटं फिरवून आणलं. चाळीसेक जण. माणूस कुठे थांबतो, काय ओळखतो, कशाला "हे असं नव्हतं" म्हणतो, त्यावरून जागा आणि आठवण यांचं काय नातं असतं असा साधारण विषय.

आता अडचण. परवा रात्री फाईली साफ करत बसले होते. नावं काढलेली, सगळे पी-१, पी-२ असे. हेडसेट जमिनीपासून किती उंचीवर आहे त्याची एक रेघ निघते ग्राफमध्ये. एका फाईलीत ती रेघ चालताना दर दुसऱ्या पावलाला हेलकावा खाते, मग एका जागी वीतभर खाली जाते, दोनेक सेकंद तिथेच राहते आणि हळूच वर येते. त्यानंतर दोन्ही हातांच्या रेघा जवळ जवळ येत एकमेकींना चिकटतात. मला फाईलीचा नंबर बघायची गरजच पडली नाही. ह्या आजी डावा पाय ओढतात. दारातून आत जाताना चौकट कपाळाला लागू नये म्हणून त्या वाकल्या होत्या, समोर चौकट बिकट काही नव्हती, समाजमंदिराची मोकळी फरशी होती. आणि आत गेल्यावर देवळीपुढे हात जोडले तेव्हा हातातले कंट्रोलर एकमेकांवर टक्कन आपटलेले मला अजून ऐकू येतात.

सरांचं म्हणणं, नावं काढली म्हणजे डेटा अनॉनिमस झाला, पेपरसोबत खुला ठेवायचाय, अपलोड करून टाक. माझा हात होत नाहीये. मी उगाच घाबरतेय का? कोणी ह्यात काम केलेलं असेल तर सांगा.

खटपट्या

उगाच घाबरत नाहीये तुम्ही. मी गेम बनवतो (पुण्यात, पोटासाठी), त्यामुळे हा कच्चा माल रोज बघतो. साधं गणित करा. हेडसेट सेकंदाला ९० वेळा नोंद करतो असं धरू, डोकं आणि दोन हात अशा तीन गोष्टी, प्रत्येकीचे सात आकडे, तीन जागेचे आणि चार कुठल्या दिशेला वळलंय त्याचे. पंधरा मिनिटांत ८१,००० ओळी, एकूण आकडे १७ लाख. एका माणसाचे. नाव म्हणजे त्यातली एक रकाना रुंदीची पट्टी, ती उडवली तरी १७ लाख आकडे तसेच बसलेत की.

आणि ह्यावर नीट काम झालंय. स्टॅनफर्डवाल्यांनी २०२० साली ५११ लोकांना नुसते ३६० अंशाचे व्हिडिओ दाखवले, तलवारबाजी नाही, काही नाही, बघा आणि थोडी उत्तरं द्या एवढंच. पाच मिनिटांपेक्षा कमी हालचालीवरून त्या ५११ मधला माणूस ९५ टक्के वेळा बरोबर ओळखता आला. मग २०२३ मध्ये बर्कलेच्या लोकांनी बीट सेबर ह्या गेमच्या ५५,००० हून जास्त खेळाडूंची हालचाल घेतली. १०० सेकंदांवरून ९४ टक्के, आणि फक्त १० सेकंद दिले तरी ७३ टक्के. दहा सेकंद म्हणजे हेडसेट डोक्यावर नीट बसवून होतो तेवढ्यात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो नाहीतर लोक म्हणतील घाबरवतो. ह्या प्रयोगांत त्याच माणसाचा आधीचा नमुना लागतो, तो असेल तर जुळवता येतो. हवेतून नाव काढत नाही मशीन. पण तुमच्या केसमध्ये आधीचा नमुना म्हणजे अख्खी वसाहत आहे. आजींना रोज चालताना बघणाऱ्याला कसलं मशीन लागतंय? तुम्ही स्वतःच ओळखलंत ना.

नाठाळ

आता धाग्यात पाणी घालायला मी आलोच. आधार दिलंय, पानवाल्याला यूपीआय करतो, सोसायटीच्या वॉचमनने ॲपवर माझा फोटो काढलाय, आणि आता कोणी आजी देवळीपुढे वाकल्या ह्याची गुप्तता? कोण बसणार आहे त्या रेघा वाचत? उद्या ह्या भीतीने कोणी असलं काम करणारच नाही, म्हातारी माणसं जातील आणि त्यांच्याबरोबर गाव दुसऱ्यांदा बुडेल.

खटपट्या

@नाठाळ, वॉचमनकडे फोटो आहे म्हणून घराला दार नको का? बाकी शेवटचं वाक्य पटलं, पण कामच करू नका असं कोण म्हणतंय.

राईनकाठ

जर्मनीतून लिहितोय. आमच्याकडे एका संग्रहालयासोबत असाच प्रकल्प होता, जुनी खाण आणि तिथले निवृत्त कामगार. सुरुवातीलाच विद्यापीठाच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्याने दोन महिने लटकवून ठेवलं आणि मी त्याला भरपूर शिव्या घातल्या (मराठीत, त्यामुळे चाललं). युरोपात जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून लागू आहे. त्यात नाव काढून नंबर दिलेला डेटा हा अनॉनिमस धरतच नाहीत, तो टोपणनावाचा डेटा, म्हणजे अजून वैयक्तिकच. अनॉनिमस कधी, तर वाजवी खटपट करूनही माणसापर्यंत पोचता येत नसेल तेव्हा. तुमच्या सरांनी ह्या दोन गोष्टींची गल्लत केलीय, आणि ती जवळजवळ सगळेच करतात, आमच्या सरांनीही केलेली.

त्या अधिकाऱ्याने एकच प्रश्न परत परत विचारला आणि तेव्हा फार राग आला होता. "तुमच्या संशोधनाच्या प्रश्नाला हा आकडा लागतो का?" डोळ्यांची हालचाल का घेताय? हेडसेटमध्ये सोय आहे म्हणून. बरं, मग नका घेऊ. सेकंदाला ९० नोंदी का? डिफॉल्ट आहे म्हणून. तुमच्या लेखात काय दाखवणार आहात? कोण कुठे किती वेळ थांबलं. मग सेकंदाला एक नोंद पुरते की. शेवटी आम्ही डोक्याची जागा तेवढी ठेवली, तीही अर्ध्या मीटरच्या चौकटीत गोळा करून. हात गेले, डोळे गेले, उंची गेली. पेपर छापून आला, कोणाचं काही अडलं नाही.

मुक्काम_पोस्ट

मी वेगळ्या बाजूने बोलतो. माझं आजोळ धरणात गेलंय. तुमचंच गाव असेल असं नाही, आपल्याकडे अशी गावं काय कमी आहेत, उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं ते बघायला अजून गर्दी होते. आम्हीही दुष्काळाच्या साली जायचो, आई चिखलात उभी राहून सांगायची इथे चूल, इथे उखळ.

तुम्ही म्हणताय कोण कुठे थांबतं ते मोजलंत. कोण कुठे थांबेल हो? स्वतःच्या घरापुढे. आणि जुन्या गावात घर कुठे आहे ह्यावरून काय कळतं हे इथे कोणाला सांगायला नको. आळी म्हणजे जात. वेशीच्या आत का बाहेर, नदीच्या वरच्या अंगाला का खालच्या. तुमचा तो रंगीत नकाशा असतो ना, जिथे जास्त वेळ तिथे लाल, तो एकेका माणसाचा वेगळा छापलात तर नावाशिवाय जात छापलीत. आमच्या मामाने पुनर्वसनात मुद्दाम वेगळ्या टोकाचा प्लॉट मागून घेतला होता, जुन्या गावातली जागा मागे चिकटू नये म्हणून. तो काही तुमच्या व्हीआरमध्ये आला नसता, पण त्याच्या शेजारचा आला असता आणि बोट दाखवून म्हणाला असता, ते बघा यांचं घर.

हे वर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिलं. सेकंदाला एक नोंद केली तरी हे लपत नाही.

राईनकाठ

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. आमच्या खाणीत सगळे एकाच पिंजऱ्यातून खाली जायचे.

वकिलीणबाई

सल्ला म्हणून नाही, माहिती म्हणून लिहितेय.

खासगीपणा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी निकालात सांगितलं. त्यानंतर रखडत रखडत डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला, नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी अशा टप्प्याटप्प्याने लागू होतायत.

तुमचे सर बहुधा कलम १७ दाखवतील. संशोधन, अभिलेख जतन, आकडेवारी ह्यासाठी सूट आहे, खरं आहे. पण ती दोन खुंट्यांना टांगलेली आहे. त्या डेटावरून विशिष्ट माणसाबद्दल कुठला निर्णय घ्यायचा नाही, आणि काम ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणेच करायचं. गरजेपुरताच डेटा, गरजेपुरताच काळ, सुरक्षित ठेवणं, हे त्या मानकांतच येतं. म्हणजे "संशोधन आहे, सगळं माफ" असं नाही. आणि नेटवर खुली फाईल टाकल्यावर पुढे कोण काय निर्णय घेईल ह्याची हमी तुम्ही कुठून देणार?

दुसरं, ह्या कायद्यात संवेदनशील डेटा अशी वेगळी वर्गवारीच नाही. २०११ च्या आयटी नियमांत बायोमेट्रिक वगैरे वेगळं काढलेलं होतं, नव्यात सगळं एकाच पोत्यात. त्यामुळे डोळ्यांची हालचाल आणि ईमेल पत्ता सारखेच. माझ्या मते ही मोठी उणीव आहे, पण ते असो.

तिसरं, कुणाचा नातू हौसेने हेडसेट घालून फिरला असेल आणि तोही नोंदवला गेला असेल तर जपून. १८ च्या आतला म्हणजे मूल, पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि मुलांचा माग काढणं, वर्तनावर लक्ष ठेवणं ह्याला कायद्याची मुळात मनाई आहे. व्हीआरचा लॉग म्हणजे दुसरं काय असतं.

आणि संमतीपत्र कुठल्या भाषेत होतं? कायदा म्हणतो की इंग्रजी किंवा आठव्या परिशिष्टातली कुठलीही भाषा निवडायची सोय द्या.

ओसरी

सगळ्यांचे आभार, अपेक्षा नव्हती एवढी.

@वकिलीणबाई, संमतीपत्र इंग्रजीत होतं. मी तोंडी मराठीत सांगत होते, "काका, तुम्ही कुठे फिरता ते मशीन टिपून घेईल, नाव कुठे येणार नाही". बऱ्याच जणांनी सही केली, सातआठ जणांनी अंगठा उठवला. आत्ता लिहिताना लक्षात येतंय की "बायोमेट्रिक माहिती घेतली जाणार नाही" ह्या वाक्याखाली आम्ही अंगठे घेतलेत :(

नातू दोन होते. त्यांच्या फाईली आज काढल्या, ते तसेही अभ्यासात धरायचे नव्हते.

@मुक्काम_पोस्ट, तुमचा प्रतिसाद वाचून मी नकाशे उघडून बघितले. चाळीसपैकी निदान तीस नकाशांत सगळ्यात लाल ठिपका कोणाच्या दारात आहे हे मला सांगता येईल. आणि हे नकाशे पेपरच्या पुरवणीत जाणार होते.

जुनी_कॅसेट

मी मौखिक इतिहासवाला, हेडसेटमधलं कळत नाही, पण आवाजाचं कळतं. ओसरीताई, माईक चालू होता का?

असणारच. "हे असं नव्हतं" म्हणतात ते तुम्ही कुठून टिपलंत नाहीतर. आता आठवून बघा त्यात काय काय बोलले गेलेत. धरणग्रस्तांच्या मुलाखती मी घेतल्यात. माणूस पाराचं सांगता सांगता बांधावर येतो. हा बांध इथे नव्हता, रात्रीत सरकवला. मोबदला थोरल्याने घेतला, आमच्या नावावर विहीर दाखवलीच नाही. भाऊबंदकीच्या केसी अजून चालू असतात त्यातल्या. साध्या मुलाखतीत समोर रेकॉर्डर दिसतो, माणूस मधूनच म्हणतो "हे बंद करा जरा". डोक्यावर हेडसेट चढवला की रेकॉर्डर दिसत नाही, तुम्ही दिसत नाही, त्याला वाटतं तो गावात आहे. तिथे तो काय बोलेल ह्याचा अंदाज नाही बांधता येत.

वचनांचं काय होतं त्याचं उदाहरण देतो. बोस्टन कॉलेजने २००१ ते २००६ दरम्यान बेलफास्टमधल्या सशस्त्र संघर्षात असलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या, तुम्ही जिवंत आहात तोवर बाहेर येणार नाही ह्या शब्दावर. २०११ साली ब्रिटिश पोलिसांसाठी अमेरिकन कोर्टातून समन्स निघाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि काही टेप द्याव्या लागल्या. २०१४ मध्ये कॉलेजनेच सांगितलं की ज्यांना हव्यात त्यांनी आपापल्या मुलाखती परत न्या. शब्द देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, पण कोर्टाच्या कागदापुढे तो शब्द टिकला नाही. आपल्याकडे बंदुका नाहीत पण सातबारा आहे, आणि दिवाणी कोर्टात कोणी म्हणालं की ह्या संस्थेकडे अमक्याचा आवाज आहे ज्यात तो बांध कबूल करतोय, तर तुमचे सर काय करणार?

जे ठेवलंच नाही ते कोणी मागू शकत नाही. मी हल्ली मुलाखत झाली की त्याच दिवशी माणसाला ऐकवतो आणि नको ते तिथल्या तिथे कापतो.

नाठाळ

कॅसेटकाकांचा प्रतिसाद वाचून गप्प बसावंसं वाटलं पण स्वभाव आडवा येतो. दोन प्रश्न, खवचटपणा सोडून.

एक, सगळा कच्चा डेटा उडवलात तर ओसरीताईंचा निष्कर्ष बरोबर आहे हे दुसरा कोणी कसा तपासणार? आपल्याकडे आधीच "आमच्याकडे डेटा होता पण दाखवता येत नाही" छाप संशोधन पोत्याने आहे. खुल्या डेटाची मागणी जर्नलं हौस म्हणून करत नाहीत.

दोन, पन्नास वर्षांनी कोणाला बघायचं असेल की ज्यांनी ते गाव खरंच बघितलं होतं ती माणसं दारातून कशी वाकायची, तर ती वाकण्याची रेघ हाच वारसा नाही का? देऊळ वाचवायचं आणि वाकणं पुसायचं?

खटपट्या

दुसऱ्या प्रश्नाला मान गए. उत्तर नाहीये माझ्याकडे.

पहिल्याला आहे थोडंसं. खुलं आणि कुलूपबंद ह्यांच्या मधलं बरंच काही असतं. कच्चा डेटा एन्क्रिप्ट करून संस्थेतच एका डिस्कवर, तपासणाऱ्याने तिथे येऊन बसायचं, बघायचं, काही घेऊन जायचं नाही, आणि डिस्क कधी पुसायची ती तारीख आधीच लिहून ठेवायची. खुल्यात काय, तर सगळ्यांचे मिळून आकडे. पाराजवळ सरासरी इतका वेळ, घाटावर इतका. घरांचे आकडे आळीनुसार नाही द्यायचे, नुसतं "स्वतःचं घर" आणि "दुसऱ्याचं घर" असं मांडायचं, तुमच्या आठवण-जागेच्या प्रश्नाला तेवढंच लागतं असं मला वाटतं. आणि एखाद्या गटात तीनचार जणच असतील, म्हणजे ऐंशीच्या पुढच्या बायका वगैरे, तर तो गट दुसऱ्यात मिसळून टाका. हालचालीत मुद्दाम थोडा गोंधळ कालवायचीही पद्धत आहे, उंची, हाताची लांबी वगैरे झाकली जाते, पण चाळीस माणसांच्या डेटात गोंधळ घातला की निष्कर्षच गढूळ होतात, त्यामुळे तुमच्यासाठी मी ते सुचवणार नाही.

आणि ओसरीताई, हेडसेट कोणाच्या अकाउंटवर होता? वायफायला जोडलेला होता का? हे विचारायचं राहिलंच. कंपनीकडे काय जातं हा वेगळा विषय आहे. काही मॉडेलना मध्ये दीडदोन वर्षं फेसबुक अकाउंटच लागायचं, २०२२ पासून वेगळं अकाउंट चालतं. खोलीची हद्द आखताना कॅमेरे भोवताल बघतात. समाजमंदिर होतं म्हणून ठीक, कोणाच्या घरी जाऊन केलं असतंत तर घर दिसलं असतं. बर्कलेवाल्यांचाच आणखी एक प्रयोग आहे, ३० जणांना कोडी सोडवायचा साधा गेम म्हणून आत बसवलं आणि काही मिनिटांत उंची, हातांचा पल्ला, खोलीचा आकार, रंगांधळेपणा असं करत २५ च्या वर गोष्टी काढल्या. खेळणाऱ्याला पत्ता नाही.

चहाबिस्किट

अवांतर: म्हाताऱ्या माणसांना हेडसेटने गरगरत नाही का? माझ्या बाबांना मॉलमध्ये घातला तर खुर्ची धरून बसले. आणि तो तोंडाला लागणारा फोम पुसता का दर वेळी?

ओसरी

@चहाबिस्किट, गरगरतं, म्हणून दर पाच मिनिटांनी थांबायचं आणि शेजारी कोणीतरी हात धरायला उभं. फोमवर धुता येणारं कव्हर होतं, दर माणसामागे पुसायचो, तरी एका काकूंनी आधी पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि त्यावरून हेडसेट बसवायला लावला, छान चाललं त्यांचं.

@खटपट्या, तुमच्या प्रश्नावरून शोधलं तर दोन गोष्टी सापडल्या. एक, हेडसेट प्रकल्पातल्या एका मुलाच्या खासगी अकाउंटवर होता, तो आता नोकरीला लागून गेलाय. दोन, फाईली ज्या ऑनलाईन फोल्डरमध्ये होत्या त्याची लिंक "ज्याच्याकडे लिंक आहे तो बघू शकतो" अशी होती आणि ती लिंक आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेली होती, ज्यात गावातला आम्हाला मदत करणारा मुलगाही होता. त्याच्या मनात काही नव्हतं, पण त्याने ती कुठे पुढे पाठवली असेल तर मला कळायला मार्ग नाही. आठ महिने ती तशीच उघडी होती. आज बंद केली. आम्ही इथे मशीन माणूस ओळखेल का ह्यावर बोलतोय आणि माझ्याकडे दारच सताड उघडं.

राईनकाठ

बहुतेक ठिकाणी असंच असतं, मनाला लावून घेऊ नका. आणि सरांशी बोलताना तत्त्वापासून सुरुवात करू नका, त्या लिंकपासून करा.

मुक्काम_पोस्ट

आणि लोकांकडे परत जा. इथे आपण पाचसहा जण त्यांच्या डेटाचं काय करायचं ते ठरवतोय, त्यांना कोणी विचारलंय का?

ओसरी

(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतेय, राहवत नाही म्हणून.

सरांना लिंकचं सांगितलं. रागावले, मग गप्प झाले, मग म्हणाले काय करायचं ते लिहून आण. राईनकाठ आणि खटपट्या यांनी लिहिलेलंच बरंचसं लिहून नेलं. हातांच्या आणि उंचीच्या फाईली अभ्यासाला लागत नाहीत हे त्यांनी दहा मिनिटांत मान्य केलं, इतक्या लवकर की मला जरा वाईटच वाटलं, एवढ्या रात्री जागून गोळा केलं होतं. खुल्यात फक्त एकत्र आकडे जाणार. जर्नलला तसं कळवलं, त्यांनी कारण लिहून द्या म्हटलं, दिलं, चाललं.

मग समाजमंदिरात परत गेलो. ह्या वेळी एकच पान, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि लॅपटॉपवर प्रत्येकाला त्याची स्वतःची रेघ दाखवली. तुमची उंची ठेवायची का, आवाज ठेवायचा का, नाव घालायचं का, नकाशा ठेवायचा का, असे वेगवेगळे प्रश्न, आणि नंतर मत बदललं तर फोन कुणाला करायचा ते. चाळीसपैकी तिघे आता नाहीत. त्यांच्या मुलांना विचारायचं का, त्यांचा हक्क किती, ह्यावर आमच्यात अजून वाद चालू आहे, त्यामुळे त्यांचं सगळं सध्या बाजूला काढून ठेवलंय.

एका काकांनी स्वतःचा आवाज पूर्ण ऐकला, बारा मिनिटं, मान खाली घालून. शेवटी म्हणाले, "एवढं चुलत्याचं काढ." काढलं. कॅसेटकाका, बांधाचंच होतं.

पण मला जे अजिबात अपेक्षित नव्हतं ते नावाचं. निम्म्याहून जास्त लोकांना नाव हवंय. आम्ही ते संरक्षण म्हणून काढलं होतं आणि त्यांना तो अपमान वाटला. एक गृहस्थ म्हणाले, धरणाच्या यादीतही आमचं नाव चुकवलं होतं, आता तुम्हीही पी-बावीस करणार? घाटाच्या पायऱ्या किती होत्या हे त्यांनीच सांगितलेलं, आमच्या मॉडेलमध्ये चार कमी होत्या. त्यांचं नाव मॉडेलच्या श्रेयनामावलीत जाणार, त्यांच्या नोंदींना मात्र ते कुठेही जोडलेलं नसेल. म्हणजे आम्ही पहिल्यांदा बरोब्बर उलटं केलं होतं, जे त्यांना ठेवायचं होतं ते पुसलं आणि ज्याची त्यांना कल्पनाच नव्हती ते जपून ठेवलं.

आता त्या आजी. त्यांना रेघ दाखवली, इथे तुम्ही वाकलात, इथे हात जोडलेत. बराच वेळ बघत होत्या. म्हटलं हे पुसू का? तर म्हणाल्या पुस, मला पाय ओढताना कशाला कुणी बघायचं. मग तिथून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, "ते वाकले तेवढं राहू दे. चालत गेले ते पुस."

@नाठाळ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं एवढंच सापडलं. अकरा सेकंदांची फाईल आहे, त्यांच्या नातीला पेनड्राईव्हवर दिलीय, आमच्याकडची त्यांच्यासमोर काढून टाकली.

नाठाळ

बरं.

चहाबिस्किट

ओसरीताई, घाटाच्या त्या चार पायऱ्या वाढवल्यात का मॉडेलमध्ये?

ओसरी

वाढवल्या. आता पाण्याला पाय लागतो.